लंडनहून आळ्याला किती तास?

मागच्या पौषात आळ्यात आमच्या शेजारची म्हातारी सकाळी वारली. तिचा एकुलता मुलगा लंडनला नोकरीला. त्याचा फोन आला, "निघतोय. मातीला थांबा."

लोकांनी मला विचारले, "गुरुजी, किती वेळ लागंल?" मी ऐकलेले सांगून टाकले, "नऊ तास." तेव्हा दहा वाजले होते. लोकांनी बोटे मोजली. संध्याकाळी सातला येईल म्हणून सारे उपाशी बसले. सात झाले, आठ झाले. त्याचा फोन लागेना. कुणी म्हणाले, "निघालाच नसंल." रात्री दहाला माती उरकली.

माझे कुठे चुकले, ते ऐका.

लंडन ते मुंबई आकाशातून सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान तासाला आठशे-नऊशे किलोमीटर जाते. म्हणजे नऊ तास खरेच. मुंबईहून जाताना मात्र दहा लागतात. फार उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. येताना तो पाठीला असतो, जाताना छातीवर. (१९४८ साली ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले. आता मधे न उतरता जाता येते.)

मी विसरलो ते घड्याळ. सूर्य आधी आपल्याकडे उगवतो, लंडनला मागाहून. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा साडेचार तास मागे. आपले सकाळचे दहा, तेव्हा तिथे पहाटेचे साडेचार. पोराला झोपेतून उठवून बातमी दिलेली. त्याला विमान मिळाले ते तिथल्या दहाचे. म्हणजे आपले दुपारचे साडेतीन! तोवर तो लंडनातच होता.

साडेतीनात नऊ मिळवा. रात्रीचे साडेबारा. मुंबईला पासपोर्टची तपासणी, सामान, यात दीड तास. दोन वाजले. पुढे कल्याण, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा. रात्रीचा घाट, चार तास धरा. झाले सकाळचे सहा. आणि फोन लागत नव्हता, कारण विमानात त्याचे नेटवर्क बंद ठेवावे लागते.

तिकिटावरही फसायला होते. मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान हिवाळ्यात लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरते. कागदावर साडेचार तास, बसायचे दहा. म्हणून कुणी यायचे असेल तर "किती तास?" असे विचारू नका. "आपल्या घड्याळाने मुंबईला किती वाजता उतरणार?" असे विचारा, आणि त्यात घराची वाट मिळवा.

मुलगा सहाला दारात आला. बॅग हातातच होती. तिसऱ्या दिवशी सावडायला तो होता. नऊ तास कुणी सांगितले, हे त्याला कळले होते. मला तो काही बोलला नाही.