मातीखालचं कोठार

(पोफळी येथे कातकरी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेलं भाषण, थोडक्यात)



रानातला कंद ओळखण्याच्या बाबतीत इथल्या म्हाताऱ्या आयांसमोर मी विद्यार्थिनीच आहे. नुसती वेल बघून खाली काय असेल ते त्या सांगतात. पण हे ज्ञान मुलांपर्यंत पोचणं कमी झालंय. म्हणून मातीखाली काय चालतं, ते आज सगळे मिळून समजून घेऊ.

आधी मूळ. मुळाच्या टोकाला टोपीसारखं आवरण असतं, म्हणून माती घासली तरी टोक शाबूत राहतं. त्या टोकाच्या थोडं मागे मूळ वाढतं आणि त्याच्याही मागे केसांसारखे बारीक तंतू असतात. पाणी आणि मातीतले क्षार मुख्यतः हे तंतू ओढून घेतात. लावणीसाठी भाताचं रोप उपटलं की त्यातले पुष्कळ तुटतात. म्हणून लावलेलं रोप काही दिवस मलूल दिसतं आणि नवी मुळं धरली की हिरवं होतं.

पण जमिनीखाली आहे ते सगळंच मूळ नसतं. रताळं हे फुगलेलं मूळ आहे. आलं, हळद, सुरण आणि बटाटा ही मात्र खोडं आहेत, जमिनीत वाढलेली. खूण सोपी आहे. आल्यावर आडव्या रेघा दिसतात, ती खोडाची पेरं. पेरापाशी पातळ खवल्यासारखं पान असतं आणि त्याच्या बगलेत डोळा. जिथे डोळा, तिथून नवा कोंब.

झाडं हा साठा का करतात? आपल्या कोकणात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेवढ्या काळात पानं उन्हावर साखर तयार करतात, ती खाली उतरते आणि कंदात पिठाच्या रूपात साठते. पुढे पानं वाळतात आणि कंद झोपी जातो. पावसाच्या तोंडावर डोळा जागा होतो आणि नवी पानं येईपर्यंत त्याच पिठावर जगतो. पोफळीकरांना हे वेगळं समजवायला नको. कोयनेचं पाणीही पावसात साठवतात आणि वर्षभर पुरवून वापरतात.

सुरणाचं बघा. दरवर्षी जुना गड्डा आपलं सगळं देऊन सुरकुततो आणि त्याच्या डोक्यावर नवा गड्डा तयार होतो. रानातल्या वेलींच्या कंदातही वेल जिथे जोडलेली असते, त्या भागाला डोकं म्हणू. नवा कोंब बहुतेक तिथूनच येतो. करांद्याच्या वेलीला तर पानांच्या बगलेतही कंद लागतात. ते मातीत पडले तरी रुजतात.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर बरीच घरं कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर जातात. जायच्या घाईत कंद कोवळाच खणला तर त्यात पीठ कमी आणि पाणी जास्त मिळतं. डोक्यासकट सगळा काढला, तर पुढच्या वर्षी त्या जागी वेल येत नाही. मग उन्हाळ्यात भट्टीवरून परत आल्यावर कोठार रिकामं.

म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली, वेल पिवळी पडेपर्यंत थांबा. भूक थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. निदान निम्म्या वेली तरी राखा.

दुसरी, खणल्यावर डोक्याचा मूठभर तुकडा त्याच खड्ड्यात परत ठेवा आणि वर माती लोटा. करांद्याचे वरचे दोन-चार कंदही तिथेच पुरा.

तिसरी, परसात सुरण, कणगर, रताळी लावा. सुरण कापून लावायचा तर प्रत्येक तुकड्यात मधल्या डोळ्याचा भाग यायला हवा. रताळ्याची मात्र वेलच लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’ हा रताळ्याचा वाण काढला आहे. बेण्यासाठी तिथे विचारता येईल.

एक सावधगिरी. सुरण आणि अळू यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनीच घसा खवखवतो. म्हणून आपण आमसूल किंवा चिंच घालून नीट शिजवतो. कडू कंदाचं मात्र वेगळं आहे, त्यात खरं विष असू शकतं. राख घालून उकळणं, वाहत्या पाण्यात ठेवणं, ही रीत ज्या आयांना पक्की ठाऊक आहे त्यांनीच ते करावं. मुलांनी स्वतः काढून चाखू नये.

तरुणांना एक काम देते. यंदा आजीबरोबर रानात जा. प्रत्येक वेलीचं नाव, जागा आणि खणायचा महिना वहीत लिहा. ज्या खड्ड्यात डोकं परत ठेवलं, तिथे दगडाची खूण करा. पुढच्या आषाढात तिथे किती वेली आल्या, ते मोजून मला सांगा.