आजीचा गुडघा आणि आजीचं पोट
(नागपूर येथे महिलांच्या आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाईच्या आरोग्याची चर्चा बाळंतपणापाशी सुरू होते आणि पाळी गेली की थांबते. आज मी त्यानंतरच्या बाईबद्दल, आपल्या आया-सासवांबद्दल बोलणार आहे.

हर्निया म्हटलं की पुरुषाच्या जांघेतला फुगवटा आठवतो. पण ऑब्च्युरेटर हर्निया मुख्यतः म्हाताऱ्या, वाळलेल्या, पुष्कळ बाळंतपणं झालेल्या बायकांना होतो. कमरेच्या हाडात पुढच्या बाजूला एक अरुंद वाट असते. तिच्यातून एक नस मांडीकडे जाते. एरवी चरबीने ही वाट बुजलेली असते. अंग झडलं की चरबीही झडते आणि लहान आतडं तिथे अडकू शकतं. बायकांचं कटिर रुंद असल्याने हा धोका त्यांनाच जास्त.

बाहेर बहुधा गाठ दिसत नाही. नस दाबली गेली तर मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ जाते. पाय ताणला की ती वाढते, दुमडला की कमी होते. लंडनच्या हाउशिप यांनी १८४० मध्ये आणि बर्लिनच्या रोम्बर्ग यांनी १८४८ मध्ये ही खूण नोंदवली. पुस्तकात ती इतकी वर्षं आहे, पण आपल्या घरात? गुडघा दुखतो म्हणजे वात, मलम चोळा. उलटी झाली म्हणजे अपचन, ओवा द्या. आजीही सुनेला त्रास नको म्हणून गप्प राहते. तेवढ्यात अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटतं, ते सडतं आणि जीवावर बेततं.

हा आजार क्वचितच होतो, आणि प्रत्येकीला गुडघ्याची कळ येतेच असंही नाही. पण आतडं अडकल्याच्या खुणा पाठ करा: थांबून थांबून पोटात कळा, उलट्या, फुगलेलं पोट, शौच आणि वारा बंद. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाब देऊ नका, काही खायला-प्यायला देऊ नका. सकाळची वाट न पाहता मेडिकल, मेयो, जे जवळ असेल ते गाठा. डॉक्टरांना पोट आणि पाय, दोन्ही दुखणी सांगा. सीटी स्कॅन लागेल का, हेही विचारा. पूर्वी पोट उघडल्यावरच कळायचं ते आता स्कॅनमध्ये आधी दिसू शकतं. उपाय मात्र शस्त्रक्रिया हाच.

आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा. "कुठं दुखते?" एवढं विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.