पहिल्या वर्षाचे काम

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील वकिलांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने सगळ्या व्यवसायाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. माणूस गेल्यावर त्याच्या मागे जे उरते त्याची व्यवस्था, हा तो विषय. वारस नोंद, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट या अर्जांना आपल्यात किरकोळ काम समजतात. माझे म्हणणे असे, की आपल्या दोन तालुक्यांत वकिलाच्या हातून होणाऱ्या कामांत याहून मोठे काम नाही, आणि ते मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षातच झाले पाहिजे.

आपल्याकडची कुटुंबे कशी आहेत, ते आपण जाणता. घर पोलादपूरच्या एखाद्या वाडीत, खोली लालबाग-परळला, एक मुलगा बिरवाडीच्या एमआयडीसीत, दुसरा पुण्यात, मुलगी खेडला दिलेली. खाडीपट्ट्यातल्या मुस्लिम कुटुंबांत कमावता माणूस आखातात. डोंगरउतारावरची जमीन दहा-वीस गुंठ्यांची, आणि सातबाऱ्यावर आजोबांचे नाव. आजोबांना जाऊन तीस वर्षे झाली तरी कागदावर ते जिवंतच. पुढे मुंबई-गोवा महामार्गासाठी भूसंपादन निघते, मोबदल्याची वेळ येते आणि वारस एकमेकांसमोर उभे राहतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार मोबदल्याच्या वाटणीचा वाद दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि पैसा तिथे अडकून पडतो. ज्या विधवेला तो सर्वांत आधी हवा असतो, तिच्या हाती तो सर्वांत शेवटी पडतो.

या भूमीला मृत्यूचा अनुभव फार मोठा आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसे गाडली गेली. दोन्ही दुर्घटनांत काहींचे देह मिळालेच नाहीत. त्या मृतांना ही परिषद आदरांजली वाहत आहे. कायद्याचे दोन प्रश्न अशा वेळी आपल्या दारी येतात आणि त्यांची उत्तरे आपल्याला तोंडपाठ हवीत.

पहिला प्रश्न, देह नसताना मृत्यू कसा सिद्ध करायचा? सात वर्षे ठावठिकाणा नसेल तर मृत्यू गृहीत धरण्याचे तत्त्व पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होते. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. मात्र घटनेच्या परिस्थितीवरूनच मृत्यू सिद्ध होत असेल, तर सात वर्षे थांबायचे कारण नाही. हे न सांगता एखाद्या बाईला आपण सात वर्षे थांबायला लावले, तर तो तिच्यावरचा दुसरा आघात ठरेल.

दुसरा प्रश्न, बाप आणि मुलगा एकाच दरडीखाली गेले तर आधी कोण गेला? हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 21 सांगते, की उलट सिद्ध होईपर्यंत धाकटा मागे राहिला असे धरावे. समजा, बाप आणि अविवाहित मुलगा गेले, मागे आई आणि लग्न झालेली मुलगी राहिली. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई, मुलगी आणि मुलगा यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा होतो आणि मुलाचा वाटा आईकडे येतो. म्हणजे आईला दोन तृतीयांश. हे कलम कोणी लक्षात आणून दिले नाही, तर निम्मे-निम्मे लिहून फेरफार होईल आणि आईचा सहावा हिस्सा जाईल.

आता मुदतींकडे या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 नुसार, प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. मृत्युपत्रातली देणी चुकती करायला व्यवस्थापकाला मृत्यूपासून एक वर्षाचा अवधी दिलेला आहे. आपल्याकडे वर्षश्राद्धाला सगळे भाऊबंद जमतात. त्या दिवसापर्यंत मृताचा हिशेबही पूर्ण व्हावा, हे कायद्याला आणि रीतीला दोन्हींना धरून आहे.

याच अधिनियमातला हिशेबाचा क्रमही आपण अशिलांना समजावून सांगितला पाहिजे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत ज्या मजुराने, कारागिराने किंवा घरकाम करणाऱ्या बाईने सेवा दिली, त्यांची थकलेली मजुरी. मग इतर कर्जे आणि सर्वांत शेवटी वाटे. सावकाराच्या आधी मजूर उभा आहे, हे या जुन्या कायद्याचे मोठेपण आहे. वाटण्या करायला बसलेल्या किती घरांत हा प्रश्न कोणी विचारतो? तो आपण विचारायचा.

प्रोबेटबद्दल एक मोठा बदल झाला आहे. मृत्युपत्र मुंबईत झालेले असेल किंवा त्यात मुंबईतली स्थावर मालमत्ता असेल, तर हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 213 मुळे प्रोबेट घ्यावेच लागे. म्हणून महाडच्या चाकरमान्याचे गावचे घर सुटे आणि परळची खोली उच्च न्यायालयात अडके. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हे कलम वगळले. सक्ती गेली, प्रोबेट घेण्याचा मार्ग खुलाच आहे, आणि जिथे वाद दिसतो तिथे तो आजही घ्यावा. सक्ती गेल्याने आपली जबाबदारी वाढली. मृत्युपत्र आता आपल्या लेखणीच्या बळावर टिकणार आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साक्षीदार मात्र किमान दोन हवेत आणि पुढे त्यांतला एक तरी हयात असेल तर त्याची साक्ष व्हावी लागते. म्हणून साक्षीदार वयाने तरुण, ठावठिकाणा पक्का असलेला आणि लाभ न मिळणारा निवडा. मुस्लिम अशिलाला मृत्युपत्रावरची एक तृतीयांशाची मर्यादा आधीच सांगा.

नामनिर्देशनाचा गैरसमजही आपणच दूर करायचा आहे. ‘नॉमिनी लावलाय, आता काही करायचं नाही,’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सरबती देवी खटल्यात सांगितले, की नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून निघालेल्या खटल्यात, 14 डिसेंबर 2023 ला, शेअर्सबाबतही तेच ठरले. आता बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, पण वारसाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मुलींच्या आणि विधवांच्या नावाचा. आपण महाडमध्ये बसलो आहोत. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याविरुद्धचा दावा याच महाडच्या न्यायालयात दाखल झाला आणि 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने संपला. 25 डिसेंबर 1927 ला याच गावात मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडले, ते रखडले म्हणून 1951 मध्ये राजीनामा दिला. 1956 च्या कायद्याने मुलीला वारस केले, महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये तिला सहदायाद केले, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा निकालाने उरलीसुरली शंका मिटवली. तरीही बहिणींची नावे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ ढकललेली आणि हक्कसोड पत्र आधीच टाइप करून आणलेले आपण पाहतो. बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण कशाचा किती हिस्सा सोडते आहे, हे तिला एकांतात, भावांच्या गैरहजेरीत समजावल्याशिवाय आपल्यापैकी कोणीही तो दस्त करू नये. ज्या गावाने देशाला समतेचा प्रश्न विचारायला शिकवले, तिथल्या वकिलांनी एवढे तरी पाळलेच पाहिजे.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन ठराव ठेवतो. पहिले, गणपती आणि शिमग्याला मुंबई गावात येते. त्या दिवसांत ग्राम महसूल अधिकाऱ्यांना सोबत घेऊन वारस नोंदीची शिबिरे भरवावीत. सरकारने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली, तिची वाट आपण पुढे न्यावी. दुसरे, हक्कसोडाआधी बहिणीला स्वतंत्र सल्ला मिळावा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, ते तालुका विधी सेवा समितीमार्फत तिच्यापर्यंत पोहोचवावे. तिसरे, दरड किंवा पूर आला तर पहिल्या महिन्यातच आपल्यापैकी काही जणांनी त्या गावात बसून कागद उभे करावेत, विनाशुल्क.

न्यायालयात जिंकलेल्या दाव्यांचा अभिमान आपण बाळगतो, तो योग्यच आहे. ज्या घरात आपल्यामुळे दावा उभाच राहिला नाही, त्या घराचीही नोंद आपल्या मनात तेवढ्याच मानाने व्हावी. येत्या गणेशोत्सवात प्रत्येकाने एक गाव पत्करावे, एवढे मागून मी आपली रजा घेतो.