पायांवरच्या निळ्या शिरा

पायांवर निळं-जांभळं बारीक जाळं दिसलं की आपण म्हणतो, वारीत चालून झालं. तसं नाही. विहिरीच्या मोटारीला फुटव्हॉल्व्ह असतो, तशा शिरांतही रक्त खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात. चालताना पोटरी रक्त वर ढकलते; त्रास वाढतो तो दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहून. तिथे आपण टाचा वर-खाली करत राहू, मुक्कामी पाय उंचावर ठेवून पडू. बारीक जाळ्यानं सहसा अपाय नाही. नकोच असेल तर डॉक्टर औषधाची सुई देऊन घालवतात. फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा मात्र दाखवायच्याच. शीर फुटली तर आडवं करून पाय वर धरायचा, फडक्यानं घट्ट दाबायचं. आणि एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखली तर तेल लावून चोळायचं नाही, लगेच दवाखाना! दिंडी काय, पुढच्या मुक्कामी गाठू.