पोटातला गोळा

मी कविता लिहिणारा माणूस. धावण्याच्या शर्यतींवर बोलायचा मला तसा अधिकार नाही. पण पोटात गोळा येतो म्हणजे काय होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये माझं नाव पुकारलं, मी माइकसमोर गेलो आणि स्वतःचीच कविता विसरलो. पहिली ओळसुद्धा आठवेना. समोर हशा. तेव्हापासून व्यासपीठाची पायरी चढताना मी मूसा पैगंबरांची दुवा मनात म्हणतो. फिरऔनपुढे जाण्याआधी जिभेची गाठ सुटावी म्हणून त्यांनी ती मागितली होती. बायबलमध्ये हेच मोझेस. तिथंही ते बोलायला कचरतात.

माझी धाकटी मुलगी कॉलेजकडून चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत पळते. गेल्या हिवाळ्यात स्पर्धेआधी तिला उलट्या झाल्या. आठवा अडथळा तिच्या पायानं पडला आणि ती शेवटून दुसरी आली. परतताना एसटीत तिनं विचारलं, "अब्बा, मी एवढी दुवा मागितली होती. अल्ला माझ्यावर नाराज आहे का?" मला उत्तर सुचलं नाही. खिडकीबाहेर बघत बसलो.

उत्तर शोधत मी तिच्याच लाडक्या धावपटूपाशी पोचलो. सिडनी मॅक्लॉक्लिन, अमेरिकेची, श्रद्धाळू ख्रिस्ती. २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या निवड चाचणीच्या वेळी ती सोळा वर्षांची होती आणि पळूच नये, घरी जावं, इतकी घाबरली होती. तरी पळाली, संघात आली. रिओत मात्र उपांत्य फेरीतच थांबली. पुढं केंटकी विद्यापीठात ती एकच वर्ष होती. त्या वर्षी, २०१८ मध्ये, तिथल्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपदही तिनं मिळवलं. पदकं येत गेली, भीती मात्र जागची हलली नाही. २०२४ साली आलेल्या 'फार बियॉण्ड गोल्ड' या आत्मकथनाच्या उपशीर्षकातच तिनं भीतीकडून श्रद्धेकडे झालेल्या प्रवासाचा उल्लेख केला आहे.

शर्यतीचा हा प्रकारही भीतीच्या पथ्यावर पडणारा. दहा अडथळे, प्रत्येकी सुमारे ७६ सेंटीमीटर उंच, दोहोंमध्ये ३५ मीटर. मधली पावलं मोजून ठेवलेली असतात. मन घाबरलं की स्नायू आखडतात, पाऊल आखूड पडतं, मोजणी चुकते आणि अडथळा भलत्याच पायावर येतो. माझ्या मुलीचा आठवा असाच आला होता.

सिडनी चर्चला जाणाऱ्या घरात वाढली. पण घरची श्रद्धा तिची स्वतःची झाली ती विशी ओलांडल्यावर. तोवर घड्याळातल्या आकड्यावरच आपली किंमत ठरते, असं तिला वाटायचं. पुढं तिच्या मनानं घेतलं ते असं : वेग ही देवाची देणगी आहे, ती मनापासून वापरायची; आपली किंमत त्याच्या लेखी आधीच ठरलेली आहे, निकालानं ती वाढत नाही की घटत नाही. सराव यानं चुकत नाही, हेही सांगायला हवं. प्रशिक्षक बॉबी कर्सी यांच्या हाताखाली तिनं घाम गाळलाच.

इथं मला आपला नवस आठवला. नवसात देवाशी सौदा असतो. मग हरलो की हार एक आणि देव रुसला हे दुसरं, भीती दुप्पट. अमेरिकेतल्या कॉलेजांतही हे चालतंच. फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू टिम टीबो डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यावर बायबलमधल्या वचनांचे क्रमांक लिहून मैदानात उतरायचा. त्यांतलं एक वचन तिथले अनेक खेळाडू विजयाचा ताईत समजतात. पण ते आहे संत पॉल यांच्या पत्रातलं, आणि ते पत्र कैदेतलं. उपास घडो की पोट भरो, दोन्हीत समाधानानं राहायला आपण शिकलो, असं ते तिथं सांगतात. जिंकण्याचं तिथं नावही नाही.

आता टोकियो, ४ ऑगस्ट २०२१. सिडनीनं ५१.४६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. दुसरी आली दलायला मुहम्मद, रिओची सुवर्णविजेती, मुस्लिम घरातली. तिची वेळ ५१.५८. दोघींच्याही वेळा तोवरच्या विश्वविक्रमापेक्षा सरस. मधलं अंतर बारा शतांश सेकंद. कुणाची प्रार्थना ऐकली गेली, सांगा बघू?

हे सगळं मी मुलीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मागायचं काय?" मी म्हटलं, "पाय मागितले होतेस लहानपणी चालायला. ते मिळालेत." हे जरा कवीछाप झालं, कबूल. तिच्या क्रीडाशिक्षिका शहाण्या. त्यांनी तिला समुपदेशकाकडे नेलं. मला ते पटलं. दुवेनं डॉक्टरची गरज संपते असं आमच्या अम्मीलाही कधी वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात पुन्हा शर्यत होती. उलटी याही वेळी झाली. रुमालानं तोंड पुसून ती आपल्या रेषेवर जाऊन उभी राहिली. दहाही अडथळे उभे राहिले, ती चौथी आली. परतताना स्टँडवर वडापाव खाल्ला. एसटी सुटल्यावर तिनं विचारलं, "अब्बा, गॅदरिंगमध्ये विसरलात ती कविता कुठली हो?"

मी म्हणून दाखवली. पूर्ण.