चौकटीतला माणूस



छायाचित्राच्या रचनेविषयी बोलताना मी आपल्या जोयडा तालुक्याचाच दाखला घेतो. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे राहिले आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. या जलाशयाचे छायाचित्र घेणारा बहुधा ‘सगळे मावावे’ म्हणून वाइड अँगल भिंग लावतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरचे नेहमीचे भिंग कर्णरेषेवर सुमारे ४७ अंशांचे दृश्य टिपते, तर २८ मिलिमीटरचे सुमारे ७५ अंशांचे. चौकट मात्र तेवढीच राहते. त्यामुळे दूरचा डोंगर टेकडीएवढा होतो, जलाशयाची नुसती पट्टी उरते.

या भिंगाचे खरे सामर्थ्य जवळ जाण्यात आहे. काठावर उभ्या असलेल्या विस्थापित वृद्धापासून दोन हातांवर उभे राहा. त्याचा चेहरा चौकटीच्या कडेला नेऊ नका. तेथे तो ताणला जातो. कॅमेरा वर-खाली कलवू नका. झाडे तिरकी दिसतात. आता पुढे माणूस आणि मागे त्याचे गाव झाकणारे पाणी, या दोहोंचे नाते एकाच चौकटीत उमटते.

नुसत्या पाण्याचे चित्र सहलीची आठवण ठरते. माणसासह घेतलेले चित्र साक्ष ठरते. म्हणून आधी त्याची अनुमती घ्यावी, मग त्याचे व गावाचे नाव टिपून ठेवावे. जुने सुपा पाहिलेली पिढी आता थकली आहे. हे काम माजी विद्यार्थ्यांनी विनाविलंब हाती घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.