मांडव उठला, सामान कुठे गेले?

(मंडळाच्या कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



धरणे मोडले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किती जणांना ताब्यात घेतले ते छापून येते. सतरंज्या, ताडपत्र्या आणि पातेल्यांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. आज आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे. कारण हे सामान बहुधा पुढाऱ्यांचे नसते. मांडव भाड्याचा असतो, जमखाना कोणाच्या तरी माजघरातला आणि मोठे पातेले देवळाचे.

पहिले उदाहरण दूरचे घेतो, कारण तिथल्या लोकांनी हा प्रश्न शेवटापर्यंत नेला. न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये 17 सप्टेंबर 2011 पासून लोक तंबू ठोकून बसले होते. 15 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी बाग रिकामी केली. तंबू, अंथरुणे, संगणक, सारे काही सफाई खात्याच्या गाड्यांत गेले. त्यात आंदोलकांचे ग्रंथालयही होते. पुस्तके 57व्या रस्त्यावरच्या सफाई खात्याच्या गॅरेजमध्ये सुरक्षित आहेत, असे महापौरांच्या कार्यालयाने गठ्ठ्यांच्या छायाचित्रासह जाहीर केले. लोक आणायला गेले तेव्हा खरा प्रकार कळला. पुढे 2012 मध्ये दावा दाखल झाला. त्यातील हिशेब असा: जप्त झालेली पुस्तके सुमारे 3,600, परत मिळाली 1,003, आणि त्यांतलीही 201 निकामी.

एप्रिल 2013 मध्ये तडजोड झाली. पुस्तकांपोटी 47,000 डॉलर आणि वकिलांच्या खर्चापोटी 1,86,350 डॉलर देणे ठरले. पायडलवर वीज करणाऱ्या सायकलींचेही 8,500 डॉलर वेगळे मिळाले. ग्रंथालयाच्या स्वयंसेवकांनी पुस्तकांची यादी ठेवली होती, म्हणून आकडा सांगता आला. ज्यांचा नुसता तंबू आणि दोन पांघरुणे गेली, त्यांनी काय दाखवायचे?

आपल्या देशातही हे घडते. 28 मे 2023 रोजी दिल्लीत जंतरमंतरवरून कुस्तीगीरांना उठवले, तेव्हा गाद्या, कूलर, पंखे, ताडपत्र्या पोलिसांनी हलवल्या. 19 मार्च 2025 रोजी पंजाब पोलिसांनी शंभू आणि खनौरी येथील शेतकऱ्यांचे तळ उठवले. त्यानंतर ट्रॉल्या आणि सामान हरवल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या. आपल्या बेळगावात डिसेंबर 2022 मध्ये महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली, हे आपण जाणताच. परवानगी नाकारण्याचा अधिकार हा एक विषय, आणि मांडववाल्याचे कापड कोणाच्या ताब्यात गेले हा दुसरा. पहिल्यावर आपण भरपूर बोलतो. दुसऱ्यावर बोलत नाही, आणि तो बिचारा मांडववाला पुढच्या वेळी आपल्याला नाही म्हणतो.

कायदा काय सांगतो ते पाहू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. कलम 106 प्रमाणे जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यायची आहे. वस्तू परत मिळण्यासाठी कलम 503 आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले की मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावीत आणि वस्तू हक्काच्या माणसाला द्यावी. त्याआधी 1977 मध्ये, जुन्या म्हैसूर राज्यातल्या बसवा कोम द्यामनगौडा पाटील यांच्या खटल्यात, पोलिसांच्या ताब्यातून गहाळ झालेल्या ऐवजाची भरपाई सरकारने द्यावी असा निकाल झाला. म्हणजे आपल्याच राज्यातल्या एका बाईने हा रस्ता घालून दिलेला आहे.

पण न्यायालयात ‘आमचे बरेच सामान गेले’ एवढे सांगून चालत नाही. आपल्या आज्यांनी प्रत्येक तांब्यावर, प्रत्येक पातेल्यावर नाव घालून घेतले होते. लग्नाच्या पंगतीनंतर भांडी ओळखून परत यावीत, हा त्यामागचा साधा व्यवहार. तोच इथे लागू करायचा. सामान येताच दोन प्रतींत यादी करावी: वस्तू, संख्या, मालकाचे नाव. एक प्रत आंदोलनाच्या जागेपासून दूर, घरी ठेवावी. भाड्याची पावती सांभाळावी. फोनवर छायाचित्रे घ्यावीत. जप्ती झालीच तर भांडत न बसता पंचनाम्याची प्रत मागावी. सामान महापालिकेच्या गाडीत भरले, तर गाडीचा क्रमांक टिपून पालिकेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हे काम घोषणा देणाऱ्यांचे नव्हे. त्यासाठी शांत डोक्याची दोन माणसे आधीच नेमावीत.

पुढच्या कार्यक्रमाआधी अशी दोन नावे मंडळाकडे द्यावीत, एवढीच आमची विनंती आहे. लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू त्यांच्या घरी परत पोचवणे हीही आपलीच जबाबदारी आहे.